मालगाड्यांचें यार्ड : त्याची रचना व जुनें कामकाज

आगगाडीच्या फाटकापाशीं उभें राहून मालगाडीच्या वाघिणी मोजण्याचा छंद बहुतेक मुलांना असतो. परंतु निरनिराळ्या गांवांचा माल निरनिराळ्या ठिकाणीं बिनचूक कसा पोंचत असे, याचा विचार फार थोडे जण करतात. हल्लीं कोळशाची सबंध गाडी एका ठिकाणीं भरते व दुसऱ्या ठिकाणीं रिकामी होते, म्हणून हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. पूर्वीं तसें नव्हतें. एखादा व्यापारी एकच वाघीण मागवी, तींत धान्य किंवा लांकूड भरी आणि ती दूरच्या स्टेशनास धाडी. गाडींत पन्नास वाघिणी असल्या, तर त्यांचीं ठिकाणें वीस असूं शकत. अशी गाडी वाटेंत एका मोठ्या यार्डांत नेऊन मोडावी लागे आणि एका दिशेच्या वाघिणी एकत्र करून नव्या गाड्या जुळवाव्या लागत. टपालकचेरींत पत्रें गांववार खणांत टाकतात, तसाच हा प्रकार होता; मात्र येथील एकेका पत्राचें वजन कित्येक टन असे.

अशा यार्डाचे सामान्यतः तीन भाग असत. पहिला आगमनाचा. बाहेरून आलेली गाडी येथें उभी राही, तिचें इंजिन सुटे आणि वाघिणींची तपासणी होई. दुसरा वांटणीचा. येथें एकाच रुळाला सांध्यामागून सांधे फुटून हाताच्या पंजासारखा विस्तार होई, आणि त्यांतील एकेक मार्ग एकेका दिशेसाठीं राखलेला असे. तिसरा प्रस्थानाचा. जुळलेली गाडी येथें इंजिनाची व गार्डाची वाट पाहत उभी राही. नादुरुस्त वाघिणींसाठीं व इंजिनांच्या कोळसापाण्यासाठीं निराळी जागा राखलेली असे.

सपाट यार्डांत हें काम इंजिनानें पुढें ढकलून व मागें ओढून करावें लागे. त्यांत वेळ तर जाईच, पण माणसांचे हातपायही जात. इंग्लंडांत त्या काळीं बहुतेक मालवाघिणींना इंजिनावरून लावतां येईल असा ब्रेक नव्हता. प्रत्येक वाघिणीच्या बाजूस एक लांब दांडा असे, आणि सुटलेली वाघीण थांबवावयाची म्हणजे कामगारानें तिच्याबरोबर धांवत जाऊन तो दांडा दाबावयाचा. रात्र असो, धुकें असो, पायांखालीं ओले स्लीपर असोत, धांवणें चुकत नसे. वाघिणी जोडण्यासाठीं तीन कड्यांची सांखळी असे. ती अडकविण्यासाठीं आरंभीं दोन वाघिणींच्या मध्यें शिरावें लागे. पुढें लांब दांड्याचा आंकडा आला आणि बाजूस उभें राहून सांखळी उचलतां येऊं लागली.

अमेरिकेंतील जुनी जोडणी याहूनही घातक होती. दोन वाघिणी एकमेकींवर आदळण्याच्या क्षणींच कडी हातानें धरून तींत खीळ घालावी लागे, आणि बोटें गमावलेले कामगार तेथें सर्वत्र दिसत. एलाय जॅनी यानें १८७३ सालीं आपोआप जुळणाऱ्या जोडणीचें पेटंट घेतलें. पण ती सक्तीची करणारा कायदा १८९३ सालीं झाला, म्हणजे मध्यें वीस वर्षें गेलीं. ब्रिटनमध्यें १९०० सालीं रेल्वेकामगारांचे अपघात टाळण्याविषयीं कायदा झाला. त्याखालील नियमांनीं वाघिणीच्या दोन्ही बाजूंस ब्रेकचा दांडा बसविणें भाग पडलें, आणि रूळ ओलांडून पलीकडे धांवण्याची गरज संपली.

आतां वेळेचा प्रश्न. प्रत्येक वाघीण इंजिनानें ढकलण्याऐवजीं पृथ्वीच्या आकर्षणाकडून हें काम कां करवूं नये? लिव्हरपूलजवळ एज हिल येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उतरत्या जमिनीवर असें यार्ड बांधलें गेलें. जेथें नैसर्गिक उतार नव्हता, तेथें रुळांखालीं मुद्दाम एक उंचवटा करूं लागले. त्याला 'हंप' म्हणत. इंजिन गाडीला मागून हळूहळू उंचवट्यावर ढकली. माथ्यावरून उतरतांच वाघीण वेग घेऊन पुढें जाई आणि सांध्यांतून आपल्या मार्गास लागे.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. घर्षण नाहीं असें धरलें, तर ४ फूट उंची उतरलेल्या वाघिणीचा वेग सेकंदाला १६ फूट होतो आणि ९ फूट उतरली तर २४ फूट. यांत वजनाचा संबंध येत नाहीं. परंतु प्रत्यक्षांत घर्षण असतें, वाराही असतो. भरलेली वाघीण जोरांत जाते. रिकामी वाघीण समोरच्या वाऱ्यानें मध्येंच थबकते. थंडींत आंसाचें वंगण घट्ट होऊन गति मंदावते. म्हणून एकाच उतारावरून सुटलेल्या दोन वाघिणी सारख्या धांवत नाहींत. पहिली मंद व दुसरी वेगवान असली, म्हणजे टक्कर ठरलेलीच. उतार वाघिणीला वेग फुकट देतो, पण तिला थांबविण्याची किंमत कोणीतरी द्यावीच लागते. ती तोंवर धांवणारे कामगार देत होते.

या अडचणीवरील उपाय ब्रिटनमध्यें प्रथम व्हाइटमूर येथें झाला. केंब्रिजशायरांतील मार्च या गांवाजवळ लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें १९२९ सालीं हें यार्ड सुरू केलें. उत्तरेकडील खाणींचा कोळसा दक्षिणेस जाई, आणि पूर्वेकडील सुपीक शेतांतील बटाटे व भाजीपाला बाहेर पडे. दोहोंची गांठ येथें होती. आगमनाचे दहा मार्ग एका उंचवट्यावर एकत्र येत. माथा उतरतांच रूळ दोन होत, दोनांचे चार, आणि त्या चारांतून पुढें वांटणीचे चाळीस मार्ग फुटत. चारांपैकीं प्रत्येकावर जर्मन पद्धतीचे ब्रेक रुळांतच बसविलेले होते. लोखंडी पट्ट्या पाण्याच्या दाबानें दोन्ही बाजूंनीं चाकांना आवळीत.

काम असें चाले. गाडी येतांच एक कामगार तिच्या कडेनें चालत जाऊन प्रत्येक वाघिणीवरील चिठ्ठी वाची आणि कोणत्या वाघिणी कोणत्या मार्गावर जावयाच्या, याची यादी करी. ती हवेच्या दाबाच्या नळींतून मनोऱ्यांत पोंचे. इकडे नेमक्या जागीं सांखळ्या सोडल्या जात. वाघिणी माथ्यावरून सुटूं लागल्या, कीं मनोऱ्यांतील माणूस कळींनीं सांधे फिरवी व ब्रेक आवळी. वाघीण भरलेली आहे कीं रिकामी, किती वेगानें येत आहे आणि पुढील मार्गावर किती जागा उरली आहे, हें त्याला कांचेंतून पाहून कांहीं क्षणांत ठरवावें लागे. यंत्रानें बळ पुरविलें, पण अंदाज माणसाचाच राहिला. मात्र तो आतां चाकांजवळ धांवत नव्हता. १९३३ सालीं उलट दिशेच्या गाड्यांसाठींही तेथें यांत्रिक यार्ड झालें.

महायुद्धानंतर सुटा माल मोटार लॉरींकडे गेला. १९६० नंतरच्या दशकांत कंटेनरच्या सरळ गाड्या सुरू झाल्या आणि वांटणीच्या यार्डांची गरज ओसरली. व्हाइटमूरच्या जागेच्या एका भागावर १९९१ सालीं तुरुंग उघडला. दुसऱ्या भागांत २००४ सालीं रेल्वेचें बांधकामसाहित्य ठेवण्याचें आगार सुरू झालें. भारतांत मुघलसरायचें यार्ड आशियांतील सर्वांत मोठें म्हणून नांवाजलेलें होतें. येथेंही १९८० नंतर रेल्वेनें सबंध गाडीचीच वाहतूक पत्करली, आणि एकट्या वाघिणीची वांटणी मागें पडत गेली.

पुढच्या वेळीं फाटकापाशीं मालगाडी जातांना दिसली, तर केवळ वाघिणी मोजूं नका. दोन वाघिणींमधील जोडणी पाहा, चाकांजवळील ब्रेकचे दांडे पाहा. ते दांडे कोठें असावेत आणि ती जोडणी कशी असावी, हें ठरण्यापूर्वीं कित्येक घरांतील कर्ते हात निकामी झाले होते.