कारबोरेटर खोलला आणि राजदूत चालू होईना

२०२२च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा पडवीतली आमची राजदूत टाकीपर्यंत गाळात होती. वसमतच्या एका गॅरेजात कारबोरेटर खोलून, धुऊन झाला आणि गाडी मुकीच झाली. शेवटी खोट मीच शोधून काढली. तेव्हापासून आजूबाजूला कुणाची जुनी टू-स्ट्रोक अडली की माणूस माझ्याकडं येतो. मी मेकॅनिक नाही, शेती करतो. पण पोलंडच्या एसएचएल एम-११च्या नमुन्यावर एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला बनवलेली ही १७३ सीसीची, तीन गिअरची गाडी इतकी साधी आहे की बघणाऱ्यापासून ती काही लपवत नाही. जे ध्यानात आलं ते लिहितो.

१. आधी करंट बघा. कारबोरेटरला हात लागला म्हणजे खोट त्यातच, असं जो तो धरून चालतो. निम्म्या वेळा तसं नसतं. काम करताना प्लगची टोपी ओढली जाते, वायर सैल होते. प्लग काढून टोपीत बसवा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि सावलीत किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. चट चट वाजणारी निळी ठिणगी पाहिजे. पिवळी, मरतुकडी दिसली तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. तरीही नसेल तर कंडेन्सर बदला. तोवर कारबोरेटर खोलू नका.

२. प्लग ओला आहे की कोरडा? ओला असेल तर पेट्रोल येतंय, कदाचित जास्तच येतंय; मग सातवा मुद्दा बघा. कोरडा असेल तर पुढचं वाचा.

३. पेट्रोलची नळी कारबोरेटरकडून सोडवून बाटलीत धरा, कॉक उघडा. सलग धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी गाळानं बुजली आहे. धार चांगली असेल तर जेटकडं या. जेटचं भोक केसाएवढं असतं आणि पितळ मऊ. त्यात क्लचच्या केबलची तार घालणाऱ्याला मी गाडीजवळ फिरकू देत नाही. एकदा भोक मोठं झालं की गाडी जन्मभर धूर ओकणार. जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवा, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा आणि एक डोळा मिटून आभाळाकडं धरा. आत गोल, स्वच्छ उजेड दिसला तर जेट साफ. चंद्रकोर दिसली तर अजून कचरा आहे.

४. स्लाइड. माझ्या गाडीचं दुखणं इथंच निघालं. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कारबोरेटरच्या पोटात जो गोल नळा वर सरकतो, तो स्लाइड. त्याच्या अंगावर एक उभी खाच असते आणि ती आतल्या पिनेवर बसावी लागते. माझ्या गाडीत ती न जुळवताच वरचं झाकण आवळलं होतं. स्लाइड अर्ध्यावर लटकलेला, हवा धो धो आत, मग चोक देऊन काय उपयोग? याची परीक्षा फुकट आहे. इंजिन बंद ठेवा, मूठ पिळा आणि एकदम सोडा. खालून ‘टक्’ असा धातूचा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर किक मारायचे कष्ट घेऊ नका. आणि स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो, त्याचं तोंड एअर फिल्टरकडं हवं, इंजिनकडं नाही.

५. कारबोरेटर इंजिनला जिथं बसतो तो सांधा बघा. जुनं पॅकिंग परत लावलं तर तिथून हवा ओढते. काम चालू असताना कचरा जाऊ नये म्हणून इंजिनच्या तोंडात चिंधी कोंबतात, ती काढलीय ना, तेही बघा. हसू नका, एकाच्या गाडीतून ती निघालेली मी पाहिली आहे. आमच्याकडं हळदीच्या पॉलिशच्या दिवसांत एअर फिल्टर पिवळाजर्द होतो, तेवढ्यानंही गाडी गुदमरते.

६. पेट्रोल किती जुनं आहे? टोकाई आणि पूर्णा या साखर कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्यानं इथेनॉलला नावं ठेवू नयेत, पण खरं ते सांगतो. २०२५पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळातूनच ओढतो, म्हणजे धुतलेल्या कारबोरेटरमध्ये पहिल्यांदा तेच उतरतं. जुन्या रबरी नळ्या, वायसर यांनाही ते फुगवतं. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, ताजं पेट्रोल घ्या, लिटरला साधारण ४० मिली टू-टी ऑइल मिसळा आणि मगच किक मारा.

७. “काका, ढकलून बघू का?” शेजारचं पोरगं हमखास विचारतं. लगेच नको. आत पेट्रोल साचलं असेल तर ढकलून पोरं दमतात, गाडी नाही. कॉक बंद करा, प्लग काढा, मूठ पूर्ण पिळून दहाबारा किका मारा, थोडा वेळ उघडं राहू द्या. मग कोरडा प्लग लावा, खुशाल ढकला.

८. काढलेला जुना जेट, नीडल, स्लाइड गॅरेजात सोडून येऊ नका. हल्लीच्या किटमध्ये जेटवर आकडा एक आणि भोक दुसऱ्याच मापाचं, असं मला पुष्कळदा आढळलं आहे. राजदूत बनणं कधीच बंद झालं. कंपनीचा मूळ माल आता तुमच्या-आमच्या डब्यांतच आहे, तो मागून घ्या आणि सांभाळून ठेवा.