परसातील तण व विषावाचून त्याचा बंदोबस्त

"तण खाई धन" ही म्हण आपल्या कोल्हापूर प्रांतात लहान मुलासही पाठ आहे. तथापि मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की भांगलणीस माणूस मिळत नाही, आणि मग दुकानातून तणनाशकाची बाटली घरात येते. तिला आपण औषध म्हणतो. परंतु ते औषध नव्हे, विष होय. पॅराक्वाट नामक तणनाशकाचा एखादा घोट पोटात गेला तर त्यावर उतारा नाही. उरलेले विष सरबताच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवण्याची चाल काही घरांत आहे. ती आजच मोडावी. ग्लायफोसेटचा वापरही केंद्र सरकारने २०२२ साली कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्यांपुरताच मर्यादित केला. मग चार वाफ्यांच्या परसासाठी ही जोखीम कशास घ्यावी?

कित्येक बंधू आम्हांस गहू व निदणाच्या दाखल्याचा आधार दाखवितात, की धन्याने निदण उपटू नका असे सांगितले. तो दाखला मनुष्यांविषयी आहे. वांग्याच्या वाफ्याविषयी नव्हे. वाफा भांगलावाच.

प्रथम गाजर गवताचा विचार करू. हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आले, आणि आता असा बांध क्वचितच सापडेल की जेथे ते नाही. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते व परागाने दमा उठतो. म्हणून पावसाने जमीन मऊ असता, पांढरी फुले येण्यापूर्वीच, हातांस पिशवी गुंडाळून ते मुळासकट उपटावे. फुले आल्यावर उपटणे म्हणजे बी झाडून पेरणेच होय. मोकळ्या जागी टाकळ्याचे बी फेकावे. तो दाट वाढून गाजर गवतास दाबतो. मेक्सिको देशातील एक भुंगाही याच कामी १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला. त्याच्या पिवळसर पाठीवर काळ्या रेघा असतात. तो व त्याची अळी पावसाळ्यात या गवताची पाने खातात. गाजर गवतावर असा भुंगा दिसल्यास मुलांनी तो चिरडू नये.

वाफ्यात रोपांच्या ओळींमधून उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे. आपल्याकडे पाचटास तोटा नाही, आणि लोक ते जाळून टाकतात! उजेड न मिळाल्याने तणाचे बी वर येत नाही व ओलही टिकते. मात्र पाचट खोडास चिकटू देऊ नये.

लव्हाळा पाचटास जुमानत नाही, कारण त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. वरून खुडला तर गाठ पुन्हा फुटते. तो व हराळी चैत्र-वैशाखात खणून काढून उन्हात कडकडीत वाळवावी. उकिरड्यात टाकू नये, नाही तर खताबरोबर ती पुन्हा शेतात येतात. बी असलेल्या तणांकरिता त्याच उन्हाळ्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरावे, कडा मातीने बुजवाव्यात व सहा आठवडे तसेच ठेवावे. आतील उष्णतेने पुष्कळ बी मरते. काळ्या कापडाने जमीन इतकी तापत नाही.

मीठ टाकावे असा सल्ला पुष्कळ देतात. आम्हीही एकदा वाटेच्या कडेस मीठ पसरले. तण गेले खरे, पण पावसाने ते वाहून शेजारची मिरची वाळली. त्यापेक्षा फरशीच्या भेगांत उकळते पाणी ओतावे. शिरका पाने करपवितो, मूळ मारीत नाही. कोवळ्या तणावरच तो उपयोगी.

भांगलणीच्या आधी घरच्या बायांना वाफ्यावरून एक फेरी मारू द्यावी. घोळ, तांदुळजा, पाथरी ही तणेच, पण कोवळी असता भाकरीबरोबर चांगली लागतात. मात्र जेथे कोणी विष फवारले आहे त्या बांधावरील भाजी खुडू नये.