करवंटीचे मोल

मुलांनो, नारळ फोडून खोबरे काढून घेतले, की करवंटीची आठवण कोणास राहते? ती चुलीत जाते, नाही तर उकिरड्यावर पडते. परंतु ह्याच करवंटीचा कोळसा वीज साठवून ठेवतो, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल.

बंद भट्टीत, हवा लागू न देता, करवंट्या तापवल्या म्हणजे त्यांचा कोळसा होतो. मग तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाचा काही भाग खाऊन टाकते आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. केवळ एक ग्रॅम कोळशातील ह्या छिद्रांच्या भिंती पसरता आल्या, तर त्या १,००० चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील. म्हणजे कबड्डीची सात क्रीडांगणे झाकून जातील!

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, रणांगणावर विषारी वायू सोडण्यात आला. तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांत असाच कोळसा भरू लागले. विषारी वायू त्याच्या छिद्रांत अडकून राही. १९१८ साली अमेरिकेतील मुलांनीही ह्या कोळशासाठी पीच फळांच्या कोयी गोळा केल्या.

पुढे ह्याच छिद्रांचा विजेसाठी उपयोग होऊ लागला. १९५७ साली अमेरिकेत हॉवर्ड बेकर ह्यांना सच्छिद्र कोळशाच्या वीजसाठवणीच्या उपकरणाचे पेटंट मिळाले. अशा उपकरणास आज सुपरकपॅसिटर म्हणतात. त्यात कोळशाच्या भुकटीचा लेप दिलेल्या दोन पट्ट्या एका द्रवात ठेवतात. वीज जोडली, की द्रवातील विद्युत्-भारित कण छिद्रांच्या भिंतींना बिलगतात. वीज वापरू लागलो, की ते दूर होतात. भिंती जितक्या अधिक, तितका साठा अधिक. बॅटरीप्रमाणे येथे रासायनिक बदल घडावा लागत नाही. म्हणून हे उपकरण झटपट भरते व लाखो वेळा वापरता येते.

तथापि तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत कितीतरी अधिक वीज मावते. म्हणून २००६ साली चीनमधील शांघाय शहरात ह्या उपकरणांवर बसगाड्या धावू लागल्या, तेव्हा त्या वाटेतील थांब्यांवर पुनःपुन्हा वीज भरून घेत.

भाताचे तूस, उसाचे चिपाड ह्यांपासूनही असा कोळसा करण्याचे प्रयोग चालू आहेत. जे उघड्यावर जाळले असता केवळ धूर होतो, तेच ज्ञानपूर्वक तापवले तर विजेचे कोठार होते. म्हणून एखादी वस्तू टाकाऊ म्हणण्यापूर्वी तिचे गुण नीट पारखावेत.

स्वाध्याय
१. कोळशात छिद्रे कशी पडतात?
२. सुपरकपॅसिटरचा एक गुण व एक उणीव सांगा.
३. तुमच्या गावात वाया जाणाऱ्या वनस्पतिजन्य वस्तूंची यादी करा.