वासरू हगतंय? आधी दिवस मोजा

१. गोठ्यातलं पहिलं वासरू हगवणीनं गेलं ते तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी पिवळट पाणी धरलं, पहाटे अंग गार. पशुवैद्यांना मी शेणाचा रंग सांगत बसले होते, त्यांनी विचारलं, "ताई, किती दिवसांचं आहे?" तेव्हापासून मी आधी दिवस मोजते. पहिल्या चार दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूची असते. पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा आणि कोरोना विषाणू, आणि त्यांच्याच जोडीला क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी. तीन आठवड्यांपुढचं वासरू कुंथत असेल आणि शेणात रक्त दिसलं, तर कॉक्सिडियाचा संशय घ्यायचा. साल्मोनेला बहुधा ताप घेऊन येतो. वयावरून अंदाजच बांधता येतो. एकाच वासरात दोन-तीन कारणंही सापडतात, म्हणून शेणाचा नमुना तपासून घेणं चांगलं.

२. चीक आधी वासराचा. सासूबाई सांगायच्या, वार पडल्याशिवाय चीक पाजू नये. त्यांच्या सासूनं त्यांना तेच सांगितलं होतं. मीही तसंच करत होते, आणि वार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागायचे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती आतड्यातून रक्तात जाण्याची वाट तासातासानं अरुंद होत साधारण २४ तासांत बंद होते. आता ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात ३ लिटर चीक पाजते, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उलट, वासरू आचळाला लागलं की गाईचं गर्भाशय आकुंचन पावतं, वार पडायलाही मदतच होते. खरवस आमच्याकडेही होतो, शेजारीही जातो, पण वासराचं पोट भरल्यावर.

३. हगवणीत जीव जातो तो बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. मी मात्र वर्षानुवर्षं प्रतिजैविकाच्या गोळ्या आणत राहिले. रोटा-कोरोनावर त्या चालत नाहीत, क्रिप्टोवरही नाही. आता पातळ शेण दिसताच क्षार-साखरेचं पाणी सुरू करते, दिवसातून दोन-तीनदा, दुधाच्या वेळा सोडून. दूध बंद करत नाही. तीही जुनी चूक, उपाशी वासरू लवकर खचतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडते. ती सावकाश बसली, डोळे खोल गेले, तोंडात बोट घातलं तर गार लागलं आणि वासरू चोखेना, तर घरचं पाणी पुरत नाही. डॉक्टरांना बोलावून सलाईन लावावं लागतं, आणि ते सकाळवर टाकायचं नाही.

४. रेडकांचं एक वेगळं आहे. दोन-तीन आठवड्यांचं रेडकू चिखलासारखं, घाण वासाचं हगू लागलं, पोट सुटलं, केस राठ झाले, तर मोठे गोल जंत असतात. ते म्हशीच्या दुधातूनच येतात, म्हणून कितीही स्वच्छता ठेवली तरी होतात. दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान पायपेराझिन पाजलं की ते पोटात मोठे होण्याआधीच निघतात. नर रेडकाला कुणी हे औषध पाजत नाही, कारण त्याचा पैसा येत नाही. मला हे फार लागतं. तोही म्हशीच्याच पोटचा, आणि औषध तर काही रुपयांचं.

५. क्रिप्टो माणसालाही होतो. एका हिवाळ्यात वासरू हगत होतं आणि चार-पाच दिवसांत नातू आजारी पडला. तो दिवसभर त्याच वासराला कुरवाळत असे. नातवाची तपासणी झाली नाही, पण मला शंका राहिली. नेहमीची जंतुनाशकं या परजीवीला मारत नाहीत. कडक ऊन, कोरडी जागा आणि उकळतं पाणी यांनी तो मरतो. म्हणून आजारी वासराची जागा वेगळी, त्याची बादली वेगळी, आणि त्याला पाजायचं सगळ्यांच्या शेवटी. गोठ्याच्या दारात साबण टांगलेला असतो. नातू आता आत जाताना नाही, बाहेर येताना तिथं थांबतो.