पसंतीक्रमातला पहिला नंबर

विट्याच्या स्टँडजवळचा एक नेट कॅफे. वडील गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातले, निम्मं आयुष्य तमिळनाडूत गेलेलं. मुलगी गावी आजीजवळ राहून बारावी झालेली. कॅफेवाल्याने विचारलं, "पहिला नंबर काय टाकू?" वडील म्हणाले, "पुणे. कॉम्प्युटर." "कॉलेज कुठलं?" "पुण्यातलं कुठलंबी." मुलगी मागच्या खुर्चीवर गप्प बसलेली. तिला कोणी काही विचारलंच नाही.

इंजिनिअरिंगच्या कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशात ऑप्शन फॉर्मवर तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आपल्याकडे बहुतेक घरांत तो अर्ध्या तासात, आणि तोही तिसऱ्याच्या हाताने भरला जातो. सोयरीक जुळवताना आपण पाहुण्यांच्या तीन पिढ्या चाळतो. इथे मात्र मुलाची चार वर्षं आणि घरचे काही लाख रुपये आपण कॅफेवाल्याच्या माउसवर सोडून मोकळे होतो.

या फॉर्मबद्दल सातारा-सांगलीकडे एक समज घट्ट बसलाय: वरचं अवघड कॉलेज पहिलं टाकलं तर खालचंही हातचं जातं. तसं होत नाही. यंत्रणा गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेका मुलाकडे येते, त्याची यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा बसते तिथे थांबते. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी पहिलं टाकलं म्हणून नवव्या नंबरवरच्या कॉलेजात तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. तेव्हा 'मिळेल काय' या हिशेबाने क्रम लावू नका, 'हवं काय' या हिशेबाने लावा.

पण वरचे नंबर म्हणजे शब्द दिल्यासारखे असतात. २०२५-२६च्या प्रवेशात नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं कॉलेज मिळालं तर ते आपोआप पक्कं. मग ते घ्यायचं, नाहीतर कॅपच्या पुढच्या फेऱ्या विसरायच्या. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचाच. तरी एवढं धरून चाला की जिथे जायचंच नाही असं नाव वर टाकणं महागात पडतं. 'पुण्यातलं कुठलंही' हा पर्याय तिथे बसत नाही तो यामुळेच.

आता पुण्याबद्दल. माझा पुण्यावर राग नाही. पण पुण्यातलं पंचविसाव्या नंबरचं कॉलेज आणि सांगलीचं वालचंद यात पुणं निवडणारे पालक मी पाहिलेत, आणि त्याला शहाणपण म्हणवत नाही. वालचंद १९४७ साली एकट्या सिव्हिल शाखेवर सुरू झालं. १९५५ मध्ये त्याला वालचंद हे नाव मिळालं, तेव्हाच मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलही आलं. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी १९६०चं, ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामनगरचं आरआयटी १९८३चं. तिन्ही आज स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात आहेत. जुनं म्हणजे आपोआप चांगलं असं नाही, पण या कॉलेजांचे माजी विद्यार्थी तुमच्याच गल्लीत सापडतील. त्यांना गाठा. फ्लेक्सवरचं सर्वांत मोठं पॅकेज एका पोराचं असतं. तुम्ही विचारा, वर्गातल्या मधल्या पोराला किती मिळालं आणि किती जण नुसतेच घरी परतले. आणखी एक, दुसऱ्या वर्षाचा मुख्य विषय कायमचा प्राध्यापक शिकवतो की दर सहा महिन्यांनी नवं माणूस येतं? हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. कॅन्टीनमध्ये पंधरा मिनिटं बसलं की कळतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. २०२५ मध्ये पीसीएम गटाची सीईटी चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. म्हणजे नव्वद पर्सेंटाइलच्या मुलापुढे चाळीस हजारांवर मुलं उभी आहेत. 'नव्वद पडले' म्हणून पेढे वाटायला हरकत नाही, पण कॉम्प्युटरची यादी उघडण्याआधी गुणवत्ता क्रमांक बघा. गेल्या वर्षीचा कटऑफ वाचताना 'जी-ओपन-एच' सारखी अक्षरं दिसतील. पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुलींची जागा हे सांगतं, मधलं प्रवर्ग, आणि शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी.

या एचवर आपल्याकडची पोरं फसतात. महाराष्ट्रातूनच दहावी-बारावी झालेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून झाली त्यावरून. घर जतला असो नाहीतर फलटणला. अकरावी-बारावीला लातूरला पाठवलं तर होम युनिव्हर्सिटी कोल्हापूरची राहत नाही, नांदेडची होते. मग वालचंदच्या एच रकान्यातला कटऑफ तुमचा नव्हे. लातूरला पाठवू नका असं म्हणत नाही, पण हा हिशेब दहावीच्या सुट्टीत करायचा, बारावीच्या निकालानंतर नाही. आणि खानापूर-आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांतली जी मुलं परराज्यात शिकलीत, त्यांनी आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आधी काढून ठेवावा. त्यांचा उमेदवारीचा प्रकार वेगळा असतो आणि तो दाखला नसेल तर राज्याच्या जागांवरचा हक्कच जातो.

पैशाचं स्पष्ट बोलू. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ती नाही. पुण्याभोवतीच्या ज्या झकपक संस्थांच्या नावात 'युनिव्हर्सिटी' आहे, त्यांतल्या बऱ्याच याच गटातल्या. विट्याच्या त्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते खुर्ची ओढून पहिल्यांदा नीट स्क्रीनकडे वळले. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. तिथेही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच आहे. वसतिगृह आणि मेस मात्र या सवलतींत कोणालाच नाही.

'डिग्री कुठल्या विद्यापीठाची?' हाही आता साधा प्रश्न राहिलेला नाही. १९६२ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर म्हटलं की शिवाजी विद्यापीठ, एवढं पुरेसं होतं. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आणि रयत शिक्षण संस्थेची छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय त्यात आली. आपल्या भागातली काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. कऱ्हाडचं कृष्णा हे अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथल्या एमबीबीएसला नीटनंतर दिल्लीच्या एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) फेऱ्यांतून जावं लागतं आणि फीचा आकडा मिरज किंवा साताऱ्याच्या शासकीय मेडिकलशी ताडून बघण्यासारखा नाही.

बायोलॉजीवाल्यांसाठी थोडकंच. नीटचा तिसरा रिपीट करण्याआधी शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज एकदा बघून या. गोठ्यात वाढलेल्या पोराला 'जनावरांचा डॉक्टर' म्हणवून घ्यायची लाज वाटते, ती त्याची स्वतःची नसते, पाहुण्यांनी दिलेली असते. साध्या बीएस्सीला नाकं मुरडणाऱ्यांनी सांगलीच्या विश्रामबागेतलं, १९१९ साली सुरू झालेलं विलिंग्डन आतून पाहावं. मूळ विज्ञानाची खरीच आवड असणारं पोर तिथे वाया जात नाही. आवड नसेल तर मात्र कुठलंच कॉलेज उपयोगाचं नाही.

विट्याच्या त्या मुलीला शेवटी विचारलं. तिला इलेक्ट्रिकल हवं होतं. वडिलांनी दोन मिनिटं काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "त्यात नोकरी लागती का?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला दोघं दुसऱ्या दिवशी एसटीने सांगलीला गेली आणि फॉर्म त्या संध्याकाळी भरायचा राहिला. भरायला अजून दोन दिवस होते.

तुमच्याकडे किती दिवस आहेत ते कॅलेंडरवर बघा. जातपडताळणीला महिने लागतात आणि नॉन-क्रिमीलेयर व उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जूनमध्ये सेतूबाहेर रांग लागते, म्हणून कागद वेळेआधी फायलीत हवेत. आणि लॉगिनचा पासवर्ड मुलाकडे, मुलीकडे राहू द्या. कॅफेवाल्याकडे नको, क्लासच्या सरांकडे नको आणि तुमच्याकडेही नको.