हस्तव्यवसायासाठी चौघांचे बैठे मेज

प्राथमिक शाळेत पुठ्ठाकाम व कागदकाम करताना मुले बहुधा जमिनीवर बसतात. चटईवर पुठ्ठा ठेवून आखलेली रेघ सरळ येत नाही, आणि कापताना मुलाला पाठ फार वाकवावी लागते. प्रत्येकास स्वतंत्र डेस्क देणे पुष्कळ शाळांच्या आटोक्याबाहेरचे असते. चौघांना मिळून एक बैठे मेज हा त्यावर चांगला उपाय होय. मात्र काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, हे शिक्षकाने सुताराकडे जाण्यापूर्वीच ठरविले पाहिजे.

काटकसर वरच्या फळीत करावी. नवे सागवान घेण्याचे कारण नाही. पाडलेल्या घराचे जुने कवाड मिळाल्यास उत्तमच. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने सहसा पीळ खात नाही. खोक्यांच्या फळ्याही चालतात, परंतु त्यांतील खिळे एकूण एक उपटून घ्यावेत. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण तिला कीड लवकर लागते.

लांबी १२० व रुंदी ७५ सेंटिमीटर ठेवल्यास दोन्ही बाजूंस दोन-दोन मुले बसतात व प्रत्येकास ६० सेंटिमीटर जागा मिळते. उंची मात्र कोष्टकावरून घेऊ नये. वर्गातील सर्वांत उंच मुलास मांडी घालून बसवावे व त्याच्या गुडघ्याहून दोन बोटे वर फळीची खालची बाजू येईल असे माप घ्यावे. मेजाची उंची साधारणतः २५ ते ३० सेंटिमीटर भरते.

काटकसर करू नये ती आधाराच्या पट्ट्यांत. चार पाय व वर फळी एवढ्यावर मेज उभे राहते, पण डुलते. कारण चौकोनी सांगाडा दाबला की तिरपा होतो, त्रिकोणी होत नाही. एकाने खोडरबर घासले की समोरच्याची रेघ हलते, आणि त्याच्या हाती सुरी असली तर ती बोटावर जाते. एकट्याच्या डेस्कात हा धोका इतका नसतो. गावच्या सुताराला हे सांगावे लागत नाही. पण ‘खर्च कमी करा’ म्हटले की प्रथम तीच पट्टी गळते.

यास्तव दोन्ही टोकांस पायांच्या मध्ये रुंद फळी घट्ट बसवावी. त्या दोन फळ्या तळाशी मधोमध एका लांब पट्टीने जोडाव्यात, आणि त्या पट्टीच्या दोन्ही टोकांपासून वरच्या फळीच्या मध्याकडे तिरप्या पट्ट्या द्याव्यात. लांब पट्टी मध्यावर असल्याने गुडघ्यांना अडत नाही. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून तिच्याखालील आडपट्ट्यांत स्क्रूची छिद्रे किंचित लांबट ठेवावीत, नाही तर ती तडकते.

पट्ट्या पक्क्या करण्यापूर्वी वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मुलांकडून दोरीने मोजवावेत. वरील मापास प्रत्येक कर्ण सुमारे १४१.५ सेंटिमीटर भरला पाहिजे; ते असमान निघाल्यास चौकट काटकोनात नाही.

मेज शाळेत आल्यावर त्यावर पाण्याची काठोकाठ भरलेली वाटी ठेवून चौघांना एकदम खोडरबर घासावयास सांगावे. पाणी सांडले तर मेज सुताराकडे परत न्यावे. मुलांच्या हाती सुरी त्यानंतरच द्यावी.