कारखान्याचा व्यवस्थापक : अधिकार आणि उत्तरदायित्व

कारखान्याचा व्यवस्थापक म्हटला की स्वतंत्र खोलीत बसून कागदांवर सह्या करणारा अधिकारी सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या पदावर पोहोचणाऱ्या अनेकांची सुरुवात यंत्राजवळच झालेली असते. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तरुण प्रथम प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होतो आणि काही काळाने त्याच्याकडे एका पाळीची जबाबदारी येते. आधीच्या पाळीची नोंदवही वाचून कोणता पंप बंद आहे, कोणती झडप दुरुस्तीसाठी उघडली आहे हे समजून घेणे, दुरुस्तीला लेखी परवाना देण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणे, जुन्या फोरमनने केवळ आवाजावरून ओळखलेला बिघाड मुकाट्याने मान्य करणे, हे सारे तो येथे शिकतो. रात्रपाळीत वरिष्ठ घरी असतात. यंत्र चालू ठेवायचे की थांबवायचे, हे त्यालाच ठरवावे लागते. ज्याने असा निर्णय कधी घेतलेला नाही, त्याच्या हाती पुढे सबंध कारखाना सोपवणे धोक्याचेच होय.

त्यानंतर उत्पादन, देखभाल किंवा गुणवत्ता नियंत्रण यांपैकी एखाद्या विभागाचे प्रमुखपद आणि मग व्यवस्थापकपद, असा हा क्रम सामान्यतः असतो.

या पदाला कायद्यानेही वेगळे स्थान दिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ‘भोगवटादार’ आणि ‘व्यवस्थापक’ अशा दोन व्यक्ती मानल्या. कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. दैनंदिन कारभार पाहणारा तो व्यवस्थापक. नवा व्यवस्थापक आल्यास सात दिवसांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवणे आवश्यक होते. असा कोणी नेमलेलाच नसेल, तर जो ते काम करताना आढळेल त्यालाच व्यवस्थापक समजावे आणि तोही नसेल तर खुद्द भोगवटादाराला, अशी तरतूद होती. खुर्ची रिकामी ठेवून जबाबदारी टाळण्याची युक्ती कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावी!

परंतु खरी अडचण निराळीच आहे. अपघात झाल्यास उत्तर द्यावे लागते व्यवस्थापकाला. खर्चाला कात्री लावण्याचा निर्णय मात्र पुष्कळदा त्याच्या वरच्या पातळीवर होतो.

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ही गोष्ट फार भयंकर रीतीने दिसून आली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून विषारी वायू बाहेर पडला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. त्या विभागातील कामगारांची संख्या घटवण्यात आली होती आणि रात्रपाळीतील देखभाल पर्यवेक्षकाचे पदही नुकतेच रद्द झाले होते. यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर काटकसरीची वा सोयीची वाटावी, पण त्या रात्री त्या सर्व एकत्र आल्या. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांसह सात जणांना प्रत्येकी दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत कारखान्याचे तत्कालीन व्यवस्थापकही होते. मूळ अमेरिकन कंपनीचे तत्कालीन प्रमुख मात्र येथील खटल्याला कधीच सामोरे गेले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एकाला भोगवटादार मानावे, असे ठरले. एखाद्या पगारी अधिकाऱ्याला त्या जागी उभे करण्याची वाट त्यामुळे बंद झाली. उद्योगांनी या तरतुदीला आव्हान दिले, परंतु १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेतही ती राहिली. केवळ स्वतंत्र संचालकांना तीतून वगळण्यात आले.